‘द बॅनर सागा’: गोष्ट मनात घर करते, मग लढाई का कंटाळवाणी वाटते?

सोलापुरातल्याच एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलंय: "ताई, ‘द बॅनर सागा’ आठ-नऊ तास खेळलो. गोष्ट आणि चित्रं डोक्यातून जातच नाहीत. पण लढाया सगळ्या सारख्या वाटतात, आणि तीन-चार शत्रू मारले की उरलेले उलट जास्तच मारतात. शिवाय ज्याच्यावर सगळा रिनाउन (गेममधली कमाई) खर्च केला तो माणूस वाटेतल्या एका साध्या निर्णयात गेला. माझं खेळणं चुकतंय की गेमच अर्धा कच्चा आहे? आणि पुढचे दोन भाग घ्यावेत का?"

मी पुण्यात सहा वर्षं गेमच्या लेव्हल आखायचं काम केलं. आता जुळे सोलापुरात घरून स्वतःचे छोटे मोबाइल गेम बनवते. हा गेम मी तीनदा पूर्ण केलाय, दोनदा कॉम्प्युटरवर आणि एकदा फोनवर. तिन्ही वेळा मला त्याच जागी आनंद झाला आणि त्याच जागी खटकलं. त्यामुळे मत पक्कं आहे, पण ते सांगायला थोडी जागा लागेल. शेवट मात्र फोडणार नाही.

आधी प्रश्न नीट मांडते. तुम्ही विचारलंय की चूक तुमची की गेमची. मला वाटतं, खरा प्रश्न असा आहे की या गेमची गोष्ट तुम्हाला एक सांगते आणि लढाईचे नियम दुसरंच शिकवतात, मग ऐकायचं कुणाचं? आमचं मूळ घर कन्ना चौकाजवळ, वडिलांचे चादरीचे माग. ते कापड हातात घेतलं की आधी उलटून बघायचे. समोरची नक्षी कुणालाही दिसते, विणकर कसा होता ते मागच्या बाजूला कळतं. गेमची नक्षी म्हणजे गोष्ट, मागची बाजू म्हणजे नियम. बॅनर सागाची नक्षी अप्रतिम आहे. मागच्या बाजूला काही ठिकाणी उत्तम वीण आहे, आणि दोन-तीन ठिकाणी धागे सुटलेत.

काही गोष्टी तुमच्यावरही अवलंबून आहेत. तुम्ही एक्सकॉमसारख्या पाळीपाळीच्या लढाईच्या गेमवरून इकडे आला असाल तर लढाई कोरडी वाटणारच. बुद्धिबळावरून आला असाल तर उलट आवडेल, कारण नशिबाचा भाग इथे फारच कमी आहे. इंग्रजी मजकूर भरपूर आहे, संवाद बहुतेक वाचायचेच आहेत. ते कंटाळून भराभर पुढे ढकलले, तर निर्णय अन्यायाचे वाटतील. कारण पुढे काय होणार याची खूण बऱ्याचदा त्याच ओळींमध्ये असते.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. बायोवेअर या गेम कंपनीतून बाहेर पडलेल्या तिघांनी स्टोइक नावाचा स्टुडिओ काढला आणि २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर लोकांकडे एक लाख डॉलर मागितले. मिळाले सात लाखांच्या वर. गेम आला १४ जानेवारी २०१४ ला. ऐन संक्रांत, सोलापूरच्या गड्डा जत्रेत पाय ठेवायला जागा नसते तो दिवस, म्हणून तारीख माझ्या चांगली लक्षात आहे. गोष्टीतलं जग उत्तरेकडच्या वायकिंग लोककथांच्या वळणाचं आहे. देव मेलेत, सूर्य आकाशात एका जागी थांबलाय, आणि ड्रेज नावाचे दगडी चिलखतातले शत्रू उत्तरेकडून उतरतायत. माणसं आणि शिंगं असलेले धिप्पाड वार्ल गावं सोडून पळतायत. रूक नावाचा शिकारी आणि त्याची मुलगी अलेट यांच्यासोबत तुम्ही एक तांडा चालवता. वाटेत निर्णय घ्यायचे, शिधा सांभाळायचा, आणि गाठ पडली की चौकटींच्या पटावर पाळीपाळीने लढायचं.

आता लढाई. तिथला सगळ्यात सुंदर नियम हा की स्ट्रेंथ म्हणजेच जीव आणि स्ट्रेंथ म्हणजेच वाराची ताकद. बहुतेक गेममध्ये शंभरातला एक गुण जीव उरलेला सैनिकसुद्धा पहिल्या मिनिटाइतकाच जोरात मारतो. इथे जखमी माणूस जखमी माणसासारखाच लढतो. समजा तुमच्या योद्ध्याची स्ट्रेंथ १२ आणि समोरच्याचं आर्मर, म्हणजे चिलखत, १०. वार फक्त २ चा होतो. आधी कुणीतरी आर्मर ३ ने फोडलं तर तोच वार ५ चा. आणि तुमच्याच योद्ध्याची स्ट्रेंथ मार खाऊन ४ वर आली असेल, तर आर्मर त्याच्या ताकदीपेक्षा जितक्या गुणांनी जास्त तितके दहा-दहा टक्के वार हुकण्याची शक्यता. लागलाच तरी १ चा. म्हणून प्रत्येक पाळीला हाच प्रश्न असतो: आत्ता चिलखत फोडू की रक्त काढू? शिवाय विलपॉवर खर्चून वार वाढवता येतो किंवा काही पावलं जास्त टाकता येतात, आणि ती मोजकीच असते. अकरा वर्षांच्या मुलालाही दहा मिनिटांत समजेल इतके हे नियम साधे आहेत, आणि तरी विचार संपत नाही. हे जमवणं किती कठीण असतं ते मी अनुभवाने सांगते.

तुमची तक्रार मात्र दुसऱ्या नियमाबद्दल आहे, आणि ती खरी आहे. इथे पाळ्या एकाआड एक असतात: तुमचा एक, त्यांचा एक. कुणाकडे किती माणसं उरली याचा संबंध नाही. तुमचे सहा आणि त्यांचे दोन उरले, तर तुमच्या सहा जणांची एकेक पाळी होईपर्यंत त्यांचे दोघे प्रत्येकी तीनदा मारतात. तुम्ही चार शत्रू मारलेत आणि त्याचं बक्षीस म्हणून उरलेल्या दोघांचा वेग वाढवून दिलात. "उरलेले जास्तच मारतात" हे तुमचं निरीक्षण म्हणून अगदी बरोबर आहे.

असा नियम का केला असेल हे मला स्वतः गेम बनवताना कळलं. गडावरून रात्री जखमींना घेऊन उतरणाऱ्या मावळ्यांच्या तुकडीवर एक छोटा डाव मी आखत होते. आधी कागदावरच. पुठ्ठ्यावर चौकटी, सोंगट्या म्हणून चिंचोके आणि गुंजा. पहिल्या आवृत्तीत एका बाजूचे सगळे खेळायचे, मग दुसऱ्या बाजूचे सगळे. जो आधी खेळेल तो पहिल्याच फेरीत दोन सोंगट्या उडवायचा. समोरच्याकडे वार करायला माणसंच कमी, मग तो आणखी हरायचा. डाव दुसऱ्या फेरीत मेलेला असायचा आणि पुढची वीस मिनिटं नुसती ओढाताण. म्हणून मी एकाआड एक पाळ्या केल्या. लगेच डाव शेवटपर्यंत चुरशीचा झाला. मला फार आनंद झाला, पण चौथ्या डावात दहावीतल्या भाच्याने माझ्या अर्धमेल्या शिपायाला मारायचंच सोडून दिलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मावशी, त्याला मारलं तर तुझा तगडा शिपाई जास्त वेळा येईल."

बॅनर सागात नेमकं हेच होतं. हुशार खेळाडू शत्रूला मारत नाही, त्याला लुळा करून पटावर ठेवतो, म्हणजे तो त्यांच्या पाळ्या वाया घालवतो. नियमांच्या हिशेबाने हे चोख आहे. पण गोष्टीच्या बाजूने बघा. पाठीमागे बायकामुलं आहेत, ड्रेज चालून येतायत, आणि तुम्ही एकेकाला अर्धा तोडून मुद्दाम जिवंत ठेवताय. रूक असं कधीच करणार नाही. इथे नक्षी एकीकडे जाते आणि वीण दुसरीकडे. माझ्या मते गेमचा सगळ्यात मोठा दोष हाच, आणि तो मूर्खपणातून आलेला नाही. एकतर्फी डावावरचा उपाय म्हणून तो आलाय. माझ्या डावात मी शेवटी असं केलं की सोंगटी मेली तर पुढच्या एका फेरीत तिची पाळी रिकामी जाते. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण भाचा पुन्हा मारायला लागला.

स्टोइकलाही हे ठाऊक असावं, कारण त्यांनी एक दार ठेवलंय. समोर एकच शत्रू उरला की पाळ्यांची पद्धत बदलते, तुमचे सगळे जण खेळतात आणि मग तो एकटा. याला गेममध्ये पिलेज म्हणतात. याचा उपयोग असा: शेवटी एक तगडा आणि एक लुळा उरला, तर लुळ्याला मारा. मन उलट सांगतं, तरीही. लुळा पडला की तगड्याभोवती तुमची अख्खी तुकडी त्याची पाळी यायच्या आत गोळा होते. त्याआधी मात्र शिस्त अशी ठेवा की पहिल्या दोन फेऱ्यांत सगळ्या तगड्या शत्रूंची स्ट्रेंथ निम्म्याखाली आणायची, कुणालाही संपवण्याच्या मागे लागायचं नाही. वार्ल दोन बाय दोन चौकटी अडवतात. त्यांना भिंतीसारखं पुढे ठेवा, तिरंदाज मागे. विलपॉवर साठवून ठेवू नका. शत्रू पडला की पडद्याच्या वरचं रणशिंग भरत जातं आणि त्यातून एकेक गुण परत वाटता येतो. एवढं केलंत तर तुमच्या तक्रारीतला "जास्त मारतात" हा भाग दोन-तीन लढायांत संपेल.

"सारख्या वाटतात" हा भाग संपणार नाही, कारण त्या सारख्या आहेतच. पहिल्या भागात बहुतेक पट सपाट आणि मोकळे आहेत. उंचसखल जमीन नाही, आडोसा नाही, जवळपास प्रत्येक लढाईचं उद्दिष्ट एकच: सगळ्यांना पाडा. १९९७ च्या फायनल फँटसी टॅक्टिक्समध्ये उंचीचा हिशेब होता. २०१२ च्या एक्सकॉममध्ये आडोसा हा प्रत्येक चालीचा गाभा होता. २०१८ चा इन्टू द ब्रीच तर आठ बाय आठच्या एवढ्याशा पटावर दर वेळी नवं कोडं घालतो, कारण तिथे शत्रू पुढे काय करणार ते आधीच दिसतं आणि वाचवायच्या असतात इमारती. लेव्हल आखणारी म्हणून मला सगळ्यात जास्त हळहळ इथेच वाटते. पळणाऱ्या तांड्याची गोष्ट आहे, मग "या पुलावरून गाड्या जाईपर्यंत थोपवून धरा" अशा लढाया हातात तयार होत्या. पटावर त्या फारशा आल्याच नाहीत.

आता तांडा. माझी मावशी दरवर्षी दिंडीत चालते. तिच्या दिंडीचा शिध्याचा हिशेब एक आजोबा ठेवतात: किती माणसं, किती मुक्काम, ट्रकमध्ये किती पोती. एखाद्या गावातून वीस जण वाढले की त्यांच्या कपाळावर आठी, पण नाही म्हणता येत नाही. बॅनर सागात पडद्याच्या वर दिसणारे दिवस, शिधा आणि माणसांचे आकडे बघताना मला ते आजोबाच आठवतात. त्यात रिनाउनची एकच थैली. लढाईतून आणि चांगल्या निर्णयांतून रिनाउन मिळतो. त्याच थैलीतून योद्ध्याला बढती द्यायची, त्याच थैलीतून शिधा घ्यायचा, त्याच थैलीतून अंगठ्या-ताईत. योद्धा बळकट करू की चारशे माणसांना आठवडाभर जेवू घालू? संवादाचा एक शब्दही न लिहिता इथे नियमच गोष्ट सांगतो, आणि कथाप्रधान गेममध्ये यापेक्षा चांगली गोष्ट मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

पण इथेही एक धागा सुटलाय. शिधा संपला तर माणसं मरतात, वरचा आकडा घटतो, तांड्याचं मनोबल पडतं आणि त्याचा विलपॉवरवर परिणाम होतो. बस्स, एवढंच. सहाशे माणसं असोत की दोनशे, पटावर तुमचे सहाच योद्धे उतरतात आणि गोष्ट जवळपास त्याच वाटेने जाते. म्हणजे निर्दयपणे हिशेब करणाऱ्याला समजतं की लोकांना उपाशी ठेवून योद्धे वाढवणं परवडतं. मी दुसऱ्यांदा खेळताना मुद्दाम तसं केलं, केवळ तपासायला. लढाया सोप्या गेल्या. मन मात्र खरंच जड झालं, आणि माझं मन जड झालं याची गेमने फारशी नोंद घेतली नाही. मोठ्या युद्धाच्या प्रसंगीही हजार माणसं भिडतायत असं मजकुरात वाचायचं, एक पवित्रा निवडायचा, आणि परत त्याच सहा जणांची लढाई. तुम्ही शिधाच घ्या असं मी सांगेन. नियम तसं करायला भाग पाडत नाही, पण गोष्ट त्याच वाटेने जास्त भिडते.

आणि तुमचा गेलेला माणूस. लढाईत पडलेला योद्धा इथे मरत नाही. तो जखमी होतो, काही दिवस त्याची ताकद कमी राहते, मुक्काम केला की बरा होतो. कायमचं मरण येतं ते बहुतेक वाटेतल्या चार ओळींच्या प्रसंगात. अशा गेममध्ये हे उलटं वाटतं. फायर एम्ब्लेम मालिकेच्या १९९० पासूनच्या मूळ पद्धतीत पटावर पडलेला माणूस गेला तो गेलाच, आणि म्हणून तिथे प्रत्येक चाल जपून खेळली जाते. इथे तुमचं लढाईतलं कौशल्य त्याला वाचवू शकत नाही. काहींना हा दोष वाटतो. मला वाटत नाही. घरदार सोडून पळणाऱ्या लोकांमध्ये माणूस असाच जातो: गाडी ढकलताना, अनोळखी माणसाला आसरा दिल्यामुळे, किंवा न दिल्यामुळे. दोष मला दुसऱ्या ठिकाणी दिसतो. आमच्या कामात मी एक नियम पाळते की कायमचं नुकसान होणार असेल तर लक्ष देऊन वाचणाऱ्याला आधी निदान एक खूण दिसली पाहिजे. बॅनर सागात बहुतेक ठिकाणी ती आहे, दुसऱ्यांदा वाचताना तर लख्ख दिसते. काही ठिकाणी अजिबात नाही, आणि तिथे तुमचा राग मला पटतो. त्यातच मनाला येईल तेव्हा सेव्ह करायची सोय नाही, गेम स्वतःच्या ठरलेल्या टप्प्यांवर सेव्ह करतो. सोय नाही हे योग्यच आहे. क्षणात मागे जाऊन निर्णय बदलता आला असता तर तुम्ही मला हा प्रश्नच विचारला नसता.

यावर एक व्यवहारी उपाय: एकाच योद्ध्यावर सगळा रिनाउन घालू नका. आठ-नऊ जणांत वाटा. कुणी गेला तरी तुकडी मोडत नाही, आणि जखमींना बसवून दुसरे उतरवता येतात, म्हणजे मुक्कामाचे दिवस आणि शिधाही वाचतो. तरीही लढाया जड जात असतील तर मधेच काठिण्यपातळी खाली आणा. त्यात कमीपणा नाही. गोष्टीसाठी खेळताय, गोष्ट पुढे जाऊ द्या.

चित्रांबद्दल तुम्ही लिहिलंच आहे, म्हणून थोडक्यात. डिस्नेसाठी पार्श्वचित्रं रंगवणाऱ्या आयविंड अर्लच्या शैलीचा या गेमवर उघड प्रभाव आहे, आणि पात्रं हाताने काढलेली आहेत. संगीत ऑस्टिन विन्टोरीचं. एकदा हेडफोन लावून फक्त तांड्याला चालू द्या आणि दोन मिनिटं काहीच करू नका. बर्फ, झाडं, आणि गाड्यांच्या वर फडफडणारा तो लांब ध्वज. त्या कापडावर त्या लोकांच्या पिढ्यांची हकीकत भरतकामाने नोंदलेली असते, आणि गाव सुटलं तरी ते कापड सोडत नाहीत. आमच्या घरी बोलायला तेलुगू, लिहायला मराठी. आजोबांच्या वडिलांनी तेलंगणातून येताना काय आणलं असेल याची आमच्याकडे कुठेच नोंद नाही. पहिला माग बसवला त्या वर्षीच्या एका चादरीचा तुकडा मात्र आईने पेटीत ठेवलाय. संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, रस्त्यावरून निघाले की गर्दी आपोआप बाजूला होते, ते बघतानाही मला आता हा गेम आठवतो. एखादी काठी, एखादं कापड अख्ख्या समाजाला एकत्र ठेवू शकतं, ही गोष्ट स्टोइकच्या लोकांना मनापासून कळलेली होती.

पुढच्या भागांचं. दुसरा भाग २०१६ चा, तिसरा २०१८ चा. तीन भागांत सांगितलेली ही एकच गोष्ट आहे, पहिला संपतो तिथे मधेच तुटल्यासारखं वाटेल. तुमच्या तक्रारींपैकी पटांच्या एकसुरीपणावर दुसऱ्या भागात बरंच काम झालंय: अडथळे आहेत, वेगळी उद्दिष्टं आहेत, अर्धं शरीर घोड्याचं असलेली नवी जमात आहे. तांड्यातली साधी माणसं अन्न गोळा करतात, त्यांना लढवय्ये म्हणूनही तयार करता येतं, त्यामुळे वरचा आकडा आता नुसता आकडा राहत नाही. तिसऱ्यात काही लढाया लाटांमध्ये येतात आणि पुढची लाट अंगावर घ्यायची की माघार, हे तुम्ही ठरवता. तुम्ही वाटेत किती माणसं जगवलीत याचा हिशेबही तिथे अखेर लागतो. एकाआड एक पाळ्यांचा नियम मात्र तिन्ही भागांत तोच आहे. वर सांगितलेल्या पद्धतीने तो अंगवळणी पडला नाही, तर दुसरा भागही तुम्हाला तितकाच खटकेल.

म्हणून माझा सल्ला असा की दोन्ही भाग आत्ताच घेऊ नका. आधी पहिला पूर्ण करा. तुम्ही जिथे आहात तिथून आणखी चार-पाच तास लागतील. संपल्यावर "त्या लोकांचं पुढे काय झालं" हा प्रश्न झोपताना डोक्यात आला, तर दुसरा घ्या. नाही आला, तर पैसे वाचवा. पण तिन्ही भाग जिथे मिळतात अशा एकाच यंत्रावर खेळायचं आधीच ठरवा आणि सेव्ह जपून ठेवा, कारण तुमचे निर्णय, जगलेली आणि गेलेली माणसं त्या सेव्हमधूनच पुढच्या भागात जातात. फोनवर खेळत असाल तर अक्षरं बारीक आहेत, टॅबलेट मिळाला तर बघा.

बोअर्सगार्ड शहरात पोचलात की मला लिहा. तिथे घ्यावे लागणाऱ्या निर्णयांवर खूप बोलायचंय, पण तुम्ही तिथे पोचायच्या आत बोलले तर तुमचाच तोटा होईल.